वजनाचं इंजेक्शन चालू आहे, मग जेवायचं काय? वाचकांची प्रश्नोत्तरे

मार्च २०२५ मध्ये मौंजारो (औषध टिर्झेपेटाइड) आणि त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही (औषध सेमाग्लुटाइड) ही वजन उतरवणारी इंजेक्शनं भारतात आली. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर एकच आहे, "भूकच लागत नाही, मग जेवू कशाला?" आठवड्यातून एकदा टोचायची ही औषधं भूक मंदावतात आणि पोटातलं अन्न पुढे सरकायला वेळ लावतात. मी आहारतज्ज्ञ आहे. डोस किती, कधी वाढवायचा, हे तुमचे डॉक्टरच सांगतील. मी ताटाबद्दल बोलते.

इंजेक्शन जेवणाआधी घ्यायचं की नंतर? (शाहूपुरी)

कधीही चालतं, फक्त वार ठरलेला ठेवा. सेमाग्लुटाइडची गोळी घेत असाल तर गोष्ट वेगळी. ती सकाळी उपाशीपोटी, जास्तीत जास्त अर्धा कप साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास चहासुद्धा नाही.

मिसळ आणि तांबडा-पांढरा कायमचा बंद का? (मंगळवार पेठ)

कायमचा नाही. पण मिसळीचा कट म्हणजे तेल, आणि पांढऱ्या रश्श्यात नारळाचं दूध, काजू, खसखस. तेलातुपाचं अन्न एरवीही पोटात रेंगाळतं. या औषधावर ते तासन् तास बसून राहतं, मग मळमळ आणि करपट ढेकर. डोस वाढवलेल्या आठवड्यात तर दोन्ही टाळाच. एरवी मटणाचं ताट आलं तर आधी फोडी खा, रस्सा वाटीच्या तळाला राहील एवढाच घ्या. आपल्याकडे पाहुणे उलटं करतात. तीन वाट्या रस्सा पितात आणि "पोट भरलं" म्हणून फोडी ताटात ठेवतात. प्रथिनं फोडीत असतात, रश्श्यात नाहीत. आणि जेवून लगेच आडवं होऊ नका.

वय ५२, वजन आता ७८ किलो. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी चतकोर भाकरी-भाजी, रात्री कपभर दूध. यावर माझा दिवस छान निघतो. तीन महिन्यांत ९ किलो उतरले, घरचे सगळे खूश आहेत. काही चुकतंय का? (गृहिणी, राजारामपुरी)

होय ताई, चुकतंय, आणि हे पत्र मला सगळ्यात जास्त काळजीचं वाटलं.

तुमच्या दिवसाचा हिशोब मांडू. चहातलं दूध, बिस्किटं, चतकोर भाकरी, दोन चमचे भाजी, रात्रीचं दूध. सगळं मिळून प्रथिनं वीस ग्रॅमही भरत नाहीत. निरोगी माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम लागतात, असं आपल्या आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, प्रमाण आहे. तुमच्या वजनाला ते साधारण ६५ ग्रॅम होतं, आणि वजन उतरत असताना गरज त्याहून कमी तर नक्कीच नसते. औषधानं भूक घालवली, पण शरीराची गरज आहे तिथंच आहे. बाहेरून मिळालं नाही की शरीर स्वतःच्या स्नायूंतून काढून घेतं.

तुमच्या ९ किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे घरचा काटा सांगत नाही. वेगोव्हीच्या मोठ्या चाचणीत काही जणांच्या शरीराचं मापन केलं, तेव्हा उतरलेल्या वजनाचा जवळपास ४० टक्के भाग चरबी सोडून इतर निघाला. तो सगळाच स्नायू नव्हे, त्यात पाणीही येतं. पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पन्नाशीनंतर गेलेला स्नायू सहज परत येत नाही. वजन पुन्हा वाढलं तर चरबी मात्र पटकन येते.

गेल्या पावसाळ्यात तुमच्याच वयाच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. १४ किलो कमी झाल्याचा आनंद चेहऱ्यावर होता. हात वर केला तर बांगड्या कोपरापर्यंत घसरल्या. निघताना त्यांनी दोन्ही तळवे गुडघ्यांवर दाबले, एकदा उठायचा प्रयत्न केला, परत बसल्या, आणि दुसऱ्यांदा टेबलाचा कोपरा धरून उभ्या राहिल्या. आपण कोल्हापूरकर, ताकद म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. तालमीतला वस्ताद पोराचं नुसतं वजन बघत नाही, मांडी बघतो, बैठका मोजतो. तुम्हीही आज हात न लावता खुर्चीवरून पाच वेळा उठून बघा. जमलं नाही तर मला कळवण्याची वाट न बघता डॉक्टरांना सांगा.

आता काय करायचं. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच लहान वेळा ठरवा आणि घड्याळ बघून खा, भुकेची वाट बघू नका. प्रत्येक वेळी पहिला घास प्रथिनांचा, भाकरी-भात नंतर. पोट दहा घासांत भरणार असेल तर त्यातले सहा कामाचे हवेत. दोन अंड्यांत १२ ग्रॅम मिळतात, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊएक, ३० ग्रॅम सुक्या सोयावडीत १५. घट्ट वरण, मटकीची उसळ, दही, वाफवलेला मासा, चिकनच्या फोडी, जे घरात चालतं ते घ्या. पातळ आमटी पिऊन डाळ खाल्ल्याचं समाधान मानू नका. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरच्या उठबशा किंवा हलकी वजनं उचलणं हवं. नुसतं रंकाळ्याला फेरी मारून स्नायू टिकत नाहीत.

आणि हे सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर वरचे आकडे तुमच्यासाठी नाहीत, डॉक्टरांना विचारूनच पुढे जा.

गंगावेशीत धारोष्ण दूध रोज पितो. प्रथिनांसाठी चालेल?

तापवून प्या. एका वेळी अर्धा पेलाच, म्हशीच्या दुधात स्निग्धांश बराच असतो.

जिममधले एक जण बिलाशिवाय इंजेक्शनचं पेन स्वस्तात देतात. मी आणि जाऊबाई एकच पेन सुई बदलून वापरतो. (उचगाव)

आजच थांबवा. सुई बदलली तरी एकाच्या रक्ताचा अंश पेनात जाऊ शकतो. पेन एका माणसाचं असतं. न उघडलेलं पेन २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. ते कुणाच्या जिमबॅगेत किती दिवस फिरलं हे तुम्हाला कसं कळणार? सेमाग्लुटाइडचं पेटंट मार्च २०२६ पर्यंतचंच होतं, आता स्वस्त पर्याय औषधाच्या दुकानात रीतसर मिळायला हवेत. चिठ्ठी दाखवा, बिल घ्या, बॅच नंबर बघा. ही औषधं ज्या गटातली, त्या "जीएलपी"च्या नावानं पॅच, थेंब आणि चूर्ण विकणाऱ्यांबद्दलही पुष्कळ जण विचारतात. पैसे वाचवा, त्याची अंडी आणा. शिवाय घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, हे जिमवाला विचारत नाही. डॉक्टर विचारतात.

नवरात्रात नऊ दिवस उपवास धरते. शुगरची गोळीही चालू आहे. (जुना बुधवार)

गोळी ग्लिमेपिराइडसारखी असेल किंवा इन्सुलिन चालू असेल, तर हे इंजेक्शन आणि त्यावर उपवास यांत साखर एकदम खाली जाऊ शकते. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी नव्हे, पंधरा दिवस आधी डॉक्टरांना भेटा. त्यांनी परवानगी दिली तर साबुदाण्याऐवजी दही, दूध, पनीर, राजगिरा आणि थोडे शेंगदाणे.

संडासला चार-चार दिवस होत नाही.

पाणी कमी पडतंय. तहानही मंदावते, म्हणून तांब्या भरून समोर ठेवा. पालेभाजी आणि पेरू खा. इसबगोल भरपूर पाण्याबरोबरच. तरीही फरक नाही, पोट फुगलं, तर दवाखाना.

केस गळतायत, कोणतं तेल लावू?

तेलाचा प्रश्नच नाही. वजन झपाट्यानं उतरलं आणि खाणं कमी पडलं की केस गळतात. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि थायरॉइड तपासा. शुगरची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर बी-१२ आधी, कारण तिच्यामुळे ते कमी होऊ शकतं.

तीन दिवस वरच्या पोटात दुखतंय, पाठीत कळ जाते, उलट्या होतात. ॲसिडिटी समजून सोडा पितोय. (गांधीनगर)

हे वाचताय त्याच क्षणी दवाखान्यात जा, पुढचा डोस घेऊ नका. स्वादुपिंडाची सूज असू शकते, पित्ताशयातला खडा असू शकतो. या औषधांवर दोन्ही होतात. असं दुखणं असताना प्रश्न लिहून उत्तराची वाट बघायची नसते. आणि कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनबद्दल आवर्जून सांगा, उपाशी राहूनही पोटात अन्न शिल्लक असू शकतं.

मुलीचं लग्न ठरलंय. तिचं वजन हवं तेवढं उतरलं. आता इंजेक्शन बंद करू का?

परस्पर नको. वेगोव्हीच्या चाचणीत औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा सुमारे दोनतृतीयांश भाग परत आला होता. दुसरं असं की लवकर मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवावं लागतं. टिर्झेपेटाइडवर गर्भनिरोधक गोळीचा भरवसा कमी होतो. म्हणून लग्नाआधी तिनं स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलावं. औषध कसं कमी करायचं ते डॉक्टर ठरवतील. त्याआधी महिनाभर ती काय आणि किती वाजता खाते, हे तिला वहीत लिहायला सांगा आणि ती वही घेऊन या.