मुलं ग्रुप वर्कमध्ये नुसती बसून राहतात, एकच जण सगळं करतो, काय करावं?

ग्रुप 4 जणांचाच ठेवा आणि प्रत्येकाला असा तुकडा द्या की तो आल्याशिवाय बाकीच्यांचं पुढे सरकणारच नाही, मग मुलं आपोआप कामाला लागतात. मी रत्नागिरीत एस.वाय.ला शिकवते, 8-8 चे ग्रुप करून बघितलेत, त्यात दोघं राबतात आणि बाकीचे मोबाईलवर. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनियरने दोर ओढायला लावून हेच मोजलं होतं, 1913 मध्ये छापून आलं, माणसं वाढली तशी प्रत्येकाची ओढ कमी होत गेली, 8 जणांत तर निम्म्यावर आली. आपल्याकडे रापण (किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं) ओढताना कोण नुसता दोराला हात लावून उभा आहे ते सगळ्यांना दिसतं, वर्गात दिसत नाही, हाच फरक.

भाट्याच्या खाडीच्या प्रोजेक्टला मी असं वाटते:
- एकाकडे पाण्याचा खारटपणा
- एकाकडे कांदळवनाच्या जाती
- एकाकडे कालवं काढणाऱ्या बायकांशी बोलणं
- चौथ्याकडे भरती-ओहोटीच्या वेळा

आणि शेवटी प्रश्न मुद्दाम दुसऱ्याच्या तुकड्यावर विचारते, म्हणजे एकमेकांना समजावून सांगावंच लागतं, वर्गात खरी चर्चा तिथेच होते बघा. थोडे मार्क वेगवेगळे द्याच. फक्त अगदी नवीन कन्सेप्ट असेल तर आधी तुम्ही नीट शिकवा, मग ग्रुप करा, नाहीतर चौघं मिळून चुकीचंच पक्कं करतात. आणि हे काम लेक्चरच्या वेळातच घ्या, कॉलेज सुटल्यावर गावाकडच्या मुलांना एसटी गाठायची असते.