आधी गाडी, मग चिकन

वाचकांचा प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी निवृत्त शिक्षक, फुलेवाडीत राहतो. आमचा कुत्रा रंग्या अडीच वर्षांचा. आई कारवानी जातीची, बाप गल्लीतलाच कोणीतरी. अंगानं सडपातळ, तोंड लांबोळकं. घरात अगदी गरीब. नातवाच्या ताटाशेजारी बसेल, पण तोंड घालणार नाही. गगनबावडा रस्त्यावर आलो की मात्र हा कुत्रा आपला वाटतच नाही. मोटरसायकल दिसली की झेप घेतो, भुंकतो, साखळीला लोंबकळतो. उसाचा हंगाम सुरू झाल्यापासून गाणी लावून जाणारे ट्रॅक्टर आले आणि त्रास दुप्पट झाला. गेल्या महिन्यात तो एका बुलेटवर झेपावला. मी गुडघ्यावर आपटलो आणि गाडीवरचा पोरगा थोडक्यात वाचला. शेजारी म्हणतात, "सर, चार फटकं द्या, खुळं शहाणं हुईल." एकानं काटेरी पट्टाही आणून दिलाय, पण घालायला हात धजत नाही. एरवी तो दिवसभर फाटकाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर भुंकतो. तेवढाच व्यायाम म्हणून आम्ही बसू देतो. काय करावं? शिवाय माझ्या इचलकरंजीच्या बहिणीनं दोन महिन्यांचं पिल्लू आणलंय. त्याला ही सवय लागू नये म्हणून काही करता येईल का?
— एक वाचक, फुलेवाडी

उत्तर : सर, तुमचा हात धजला नाही हे फार बरं झालं. तो पट्टा परत देऊन टाका, घरात ठेवूसुद्धा नका.

हे मी इतक्या ठामपणे सांगते, कारण एकदा मी उलटं केलेलं आहे. दवाखाना नवीन होता तेव्हा आमच्याकडे काळू होता. सायकल दिसली की गुरगुरायचा. कुत्री शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं, गुरगुरला की साखळीला जोरात हिसका द्या. मी दिला, रोज दिला. तीन आठवड्यांत काळूचं गुरगुरणं थांबलं. मग एके दिवशी, कसलाही आवाज न करता, तो सायकलवरच्या एका काकांच्या पोटरीला चावला. गुरगुरणं म्हणजे "मला भीती वाटते, लांब राहा" हे सांगण्याची त्याची भाषा होती. मी भाषा काढून घेतली, भीती तशीच राहिली. वर सायकल दिसली की गळ्याला दुखतं, हा नवा धडा त्याला मीच दिला. त्या काकांच्या रेबीजच्या प्रत्येक इंजेक्शनाला मी सोबत गेले. ते एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच मला जास्त लागलं.

आता रंग्याच्या जागी बसून बघा. गाडी येते, तो भुंकतो, गाडी निघून जाते. ती जाणारच होती हे तुम्हाला-मला कळतं. त्याला वाटतं, मी हाकलली. फाटकाशी बसून दिवसाला शंभर गाड्या तो अशा "हाकलतो". सर, तो व्यायाम नाही, सराव आहे. तुम्ही दहा मिनिटं जे शिकवाल, ते फाटक दिवसभरात पुसून टाकेल. म्हणून शिकवणीआधी फाटकाला आतून शेडनेट किंवा पत्रा लावा, रस्ता दिसायला नको. त्याची बसायची जागा परसात हलवा.

त्यात कारवानी रक्त आहे. ही आपल्या दख्खनच्या माळावर सशामागे पळणारी जात. वास घेत बसण्याआधी ती डोळ्यांनी सावज पकडते. सरकन जाणारी वस्तू दिसली की पाय आपोआप सुटतात. त्यामुळे रंग्याच्या वागण्यात भीती किती आणि पाठलागाची ओढ किती, ते दोन दिवस नीट पाहा. शेपटी खाली, अंग मागे आणि भुंकणं चालू असेल तर भीती. कान पुढे, तोंड मिटलेलं, मान खाली आणि नजर गाडीवर खिळलेली असेल तर पाठलाग. पुष्कळ कुत्र्यांत दोन्ही असतं. सुरुवात दोन्हीसाठी एकच आहे: अंतर.

रस्त्याकडेला उभं राहून काही शिकवता येणार नाही. ऊस तुटून गेलेलं एखादं रान बघा, मालकाला विचारा, आणि रस्त्यापासून इतक्या लांब उभे राहा की रंग्याला गाडी दिसेल, त्याचे कान टवकारतील, पण तुमच्या हातातलं तो खाईल. हे अंतर कोणाचं 60 पावलं असतं, कोणाचं 150. खाणं हेच तुमचं मोजमाप. जो कुत्रा एरवी चिकनवर तुटून पडतो तो तोंड फिरवत असेल, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे सरका.

खाऊ म्हणजे उकडलेलं चिकन. मीठ नको, कांदा-लसूण तर अजिबात नको; ते कुत्र्यांना विषारी असतात. तुकडे हरभऱ्याएवढे. घरात मांसाहार नसेल तर पनीर चालेल. भाकरी चालणार नाही, ती त्याला घरी फुकट मिळते. हे चिकन मात्र फक्त गाडी दिसल्यावरच मिळालं पाहिजे, दुसऱ्या कशासाठी नाही. तेवढं रोजचं जेवण कमी करा.

क्रम मात्र चुकवू नका. रंग्याला गाडी दिसली, की लगेच चिकन. गाडी दिसतेय तोवर एकेक तुकडा. गाडी दिसेनाशी झाली की चिकन बंद, हात खिशाबाहेर. माझ्याकडे येणारे दहातले सात-आठ जण उलटं करतात. गाडीचा आवाज आला की कुत्र्याला गुंतवायला घाईघाईनं चिकन पुढे करतात. मग चिकन हीच धोक्याची सूचना होते. पिशवी वाजली की कुत्रा गाडी शोधायला लागतो. आधी गाडी, मग चिकन. त्यानं बसावं, पंजा द्यावा, असलं काही मागू नका. सध्या फक्त एवढंच त्याच्या मनात बसवायचंय, की गाडी आली म्हणजे काहीतरी चांगलं घडतं.

रोज दहा मिनिटं पुरे. काही दिवसांनी गाडी येईल, रंग्या तिच्याकडे बघेल आणि मग आपणहून मान वळवून तुमच्याकडे बघेल. सर, इतकी वर्षं झाली तरी हा क्षण बघताना माझा गळा दाटून येतो. त्या दिवशी दोन तुकडे जास्त द्या. दहातल्या आठ गाड्यांना असं होऊ लागलं की दहा पावलं पुढे. चुकून भुंकलाच तर रागावू नका. अंतर आपलं चुकलं. "चल, फिर!" म्हणत आनंदी आवाजात उलट वळा आणि चालू लागा. हे वळणं आधी अंगणात पन्नासदा करून घ्या, म्हणजे रस्त्यावर ते त्याच्या पायांत असेल. एखादा दिवस फारच वाईट गेला तर पुढचे दोन दिवस शिकवणी नको. कुत्र्याचा ताण तासाभरात उतरत नाही. शांत पाणंदीनं हुंगत हुंगत फिरवा.

बुलेटचं वेगळं करावं लागेल. तिच्यात आकार आहे, आवाज आहे, वेग आहे, हेल्मेट घातलेला माणूस आहे. हे सगळं एकदम नको. गल्लीतल्या एखाद्या समजूतदार पोराला रविवारी अर्धा तास मागा. आधी गाडी नुसती उभी. मग इंजिन चालू, गाडी जागेवर. मग इंजिन बंद करून तो ढकलत नेईल. मग सावकाश चालवेल. प्रत्येक पायरीला चिकन, आणि पायरी बदलली की अंतर पुन्हा वाढवायचं. ट्रॅक्टरच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग मोबाईलवर करून घ्या आणि घरात तो जेवत असताना लावा, इतकं हळू की त्यानं मान वर करू नये. कुत्र्याला 45,000 हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, आपली मजल 20,000 ला संपते. तो आवाज त्याला आपल्यासारखा ऐकू येत नाही, हे लक्षात ठेवून आवाज वाढवा.

साखळी वापरणं सोडा. कारवानीचं डोकं मानेपेक्षा निमुळतं असतं, मागे रेटा दिला की साधा पट्टा डोक्यावरून निसटतो. छातीला आणि पाठीला दोन्हीकडे कडी असलेला हार्नेस घ्या, सहा फुटी सुती दोरी घ्या. आपोआप गुंडाळणारी दोरी नको. दोरी मनगटाला गुंडाळू नका, तुमचा गुडघा आधीच दुखावलाय. काही आठवडे घरातल्या धडधाकट माणसानं धरावी, नातवानं मुळीच नाही. जाळीचं मुसकंही खाऊ देऊन देऊन सवयीचं करा. त्यात तोंड उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. मुसकं घालणं यात कमीपणा काही नाही.

एकदा तपासायलाही आणा. कान दुखत असला, सांधा धरला असला तरी कुत्रा असा चिडका होतो. 200 पावलांवरूनही तो खात नसेल तर भीती कमी करणारी औषधं आहेत. ती गुंगीची नव्हेत, आणि डॉक्टरांनी बघूनच द्यायची असतात.

तीन-चार महिने धरून चाला. रंग्या रस्त्यावर मोकळा सोडण्याजोगा कधी होईल असं मी म्हणणार नाही. त्याच्या रक्तात पळणं आहे. ते पळणं त्याला द्या: कुंपण घातलेल्या जागेत, दोरीला बांधलेल्या चिंधीमागे, पहाटे.

बहिणीच्या पिल्लाचं सोपं आहे, पण दिवस थोडे आहेत. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बारा-चौदा आठवड्यांपर्यंत पिल्लू जे पाहतं-ऐकतं, ते त्याला नेहमीचं वाटू लागतं. लसी पूर्ण होईपर्यंत जमिनीवर उतरवायचं नाही, पण कडेवर घेऊन रोज पाच मिनिटं रस्त्यापासून लांब उभं राहता येतं. रिक्षा, एसटी, टेम्पो, दुरून यंत्रमागाचा खडखडाट. प्रत्येकाला चिमूटभर चिकन. अंग चोरलं, थरथरलं की लगेच लांब न्यायचं. ताईंना म्हणावं, आजच संध्याकाळी सुरू करा.