अम्मानच्या टेकडीवरील उमय्या वाडा अभ्यासताना
उमय्या, म्हणजे सातव्या-आठव्या शतकात दमास्कसहून राज्य करणाऱ्या खलिफांच्या घराण्याच्या, स्थापत्याचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्याने जॉर्डनची राजधानी अम्मान येथील जबल अल-कलआ या टेकडीवरील राजवाडा आधी पाहावा. मात्र वाळवंटात कोऱ्या जागी उभारलेल्या वाड्यांच्या पंक्तीत त्याला बसवू नये. येथे रोमन देवालय आणि बायझंटाईन चर्च आधीपासूनच होते, आणि आठव्या शतकाच्या पूर्वार्धात, बहुधा खलिफा हिशामच्या कारकिर्दीत, जुन्या रोमन चौथऱ्यावरच हा वाडा बांधला गेला.

प्रवेशदालनात घाई करू नका. त्याचा क्रूसाकार आराखडा बायझंटाईन वळणाचा वाटला, तरी भिंतींवरील बंद कोनाड्यांच्या ओळी आणि त्यांतील कोरीव फुले थेट सासानी, म्हणजे इस्लामपूर्व राजवटीतील, इराणकडे बोट दाखवतात. वरचा लाकडी घुमट स्पॅनिश पुरातत्त्वज्ञांनी १९९८ मध्ये बसवलेला आहे आणि मुळात तेथे घुमट होता की नाही, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, तेव्हा निव्वळ छायाचित्रे पाहून निष्कर्ष काढणे टाळावे. (पर्यटक नेमके त्याच घुमटाचे कौतुक करतात!) जवळच्या गोल टाक्यातील मधला खांब पाण्याची पातळी मोजण्यासाठी होता.

७४९ च्या भूकंपात वाड्याची मोठी पडझड झाली. पुढे लोकांनी काही भाग जमेल तसे सावरून वापरले, म्हणून पडझडीच्या आधीचे आणि नंतरचे बांधकाम वेगळे काढल्यावरच काळ ठरवावा.