चिमणीचे पावणेसहा लाख आणि २८ तारखेचा हप्ता

प्रश्न: मी ६१ वर्षांचा, मुलुंडला राहतो. जून २०२४ मध्ये खासगी कंपनीतून निवृत्त झालो. मुलगा-सून अमेरिकेत मिनिआपोलिसजवळ असतात. या फेब्रुवारीत (२०२५) त्यांनी १९५०च्या दशकातलं जुनं घर घेतलं. डाउन पेमेंटला मी ३० लाख पाठवले. तीन वर्षांत परत करतो म्हणाला आहे. त्याच्या बँकेला हवं होतं म्हणून एका पत्रावर सहीही करून दिली. पैसे पाठवताना इथल्या बँकेने वर साडेचार लाखांहून जास्त टॅक्स कापला, तो गेलाच. आता तिथे थंडी पडली आहे. ९९ डॉलरच्या कूपनवर चिमणी साफ करायला आलेल्या माणसाने सांगितलं की आतली नळी तडकली आहे, नवं लायनर, म्हणजे आतून नवी नळी, घालायला ६,५०० डॉलर (पावणेसहा लाख रुपये) लागतील, आज सही केली तर हजार कमी करतो. घर घेऊन मुलाचा हात रिकामा आहे. माझे ३० लाख पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक योजनेत आहेत, ८ लाखांची एफडी आहे. पण २८ नोव्हेंबरला विमा पॉलिसीचा ४ लाखांचा दुसरा हप्ता एफडीतूनच जायचा आहे. मग पोस्टातले काढून पाठवू का? घरखर्च महिना ४५ हजार, पीएफची पेन्शन ३ हजार. पत्नी ५८ वर्षांची, तिला मधुमेह आहे. कंपनीचा मेडिक्लेम निवृत्तीबरोबर संपला. रिटर्न भरायची कटकट मात्र यंदापासून संपली.

उत्तर: पोस्टातले पैसे काढू नका. एफडी मोडू नका. आणि २८ तारखेचा हप्ता भरू नका. शेवटचं तुम्ही विचारलेलंच नाही, पण माझ्या उत्तराचा मोठा भाग त्यावरच आहे. चिमणीचं मात्र आधी सांगतो, कारण तिथे जिवाशी गाठ असू शकते.

तो माणूस खोटंच बोलतोय असं मी म्हणणार नाही. अशा जुन्या घरांत विटांच्या चिमणीच्या आत भाजलेल्या मातीची नळी असते. लाकूड जळताना धूर वर जातो, वरच्या थंड भागात निवतो आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्ट फॅनवर चिकट थर बसतो तसा नळीच्या आतून काळा थर धरतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. ओलं लाकूड जाळलं किंवा विस्तव धुमसत ठेवला की तो भराभर वाढतो. हा थर पेट घेतो. चिमणीतल्या आगीची उष्णता हजार अंश सेल्सियसच्या घरात जाऊ शकते, त्यात मातीची नळी तडकते, आणि तिथली घरं लाकडी सांगाड्याची असल्यामुळे तडकलेल्या नळीतून बाहेर पडणारी उष्णता थेट सांगाड्यापर्यंत पोचते. म्हणून तिथे चिमणीची तपासणी वर्षातून एकदा करायची असते, आणि थर तीनेक मिलिमीटर झाला की साफ करून घ्यायची असते. हा खर्च दरवर्षीचा आहे, दीड-दोनशे ते साडेतीनशे डॉलरपर्यंतचा. घर घेताना कर्जाचा हप्ता, विमा, प्रॉपर्टी टॅक्स सगळं मांडलं जातं, हे राहून जातं.

पण ९९ डॉलरचं कूपन, घाबरवणारं निदान आणि 'आजच सही करा' हे तिन्ही एकत्र आलं की मी थांबतो. याच पद्धतीने तिथे खूप लोकांना गंडवलं गेलं आहे. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या एनएफपीए २११ या मानकात तपासणीच्या तीन पातळ्या आहेत. पहिलीत दिसतं तेवढं बघतात. दुसरीत नळीत कॅमेरा सोडतात, माळ्यावरून, तळघरातून बघतात. तिसरीत भिंत उघडतात. घराची मालकी बदलली की दुसऱ्या पातळीची तपासणी करायची असं तेच मानक सांगतं. घर घेताना होणाऱ्या सर्वसाधारण तपासणीत कॅमेरा नसतो, तेव्हा चिरंजीवांनी ती करून घेतली नसावी असं मी धरतो. त्यांनी चिमणी सेफ्टी इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकेचं प्रमाणपत्र असलेला दुसरा माणूस बोलवावा, दुसऱ्या पातळीची तपासणी करून घ्यावी आणि व्हिडिओ मागावा. व्हिडिओ त्यांच्याच चिमणीचा हवा, वरपासून खालपर्यंत सलग. सुटे फोटो चालणार नाहीत, ते कुणाच्याही चिमणीचे असू शकतात.

तडा खरा निघाला तरी पैशाचा निर्णय एका प्रश्नावर आहे: त्या नळीतून काय जातं? फक्त दिवाणखान्यातल्या लाकडाच्या शेकोटीचा धूर जात असेल, तर या हिवाळ्यात ती पेटवायची नाही. खर्च शून्य. घर गरम ठेवायला फर्नेस आहेच. शरद ऋतूत या लोकांकडे रांग लागलेली असते. वसंतात, उन्हाळ्यात निवांत तीन अंदाज घेता येतात. पण गॅसच्या फर्नेसचा किंवा पाणी तापवायच्या टाकीचा धूर त्याच चिमणीतून जात असेल (जुन्या घरांत जातो), तर एक दिवसही थांबू नये. तडकलेल्या किंवा तुंबलेल्या नळीतून कार्बन मोनॉक्साइड घरात येतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि थंडीत दारं-खिडक्या बंदच असतात. झोपायच्या खोल्यांजवळ त्याचे अलार्म आहेत का आणि ते वाजतात का, हे आजच बघायला सांगा. पंचवीस-तीस डॉलरची वस्तू आहे.

आणि काम करावंच लागलं, तर ते मुलाच्या पगारातून, तिथल्या कर्जातून किंवा हप्त्यांवर. तीस वर्षांचं गृहकर्ज ज्या पगारावर मिळालं त्यात ६,५०० डॉलर वर्षभरात बसतात. तुमच्यासाठी हेच पावणेसहा लाख म्हणजे मोकळ्या पैशातले, त्या ८ लाखांच्या एफडीतले, जवळजवळ तीन चतुर्थांश आहेत.

आता तुमचा हिशेब. पोस्टातल्या ३० लाखांवर ८.२ टक्क्यांनी वर्षाला २ लाख ४६ हजार मिळतात. पेन्शन ३६ हजार. एकूण २ लाख ८० हजार. खर्च ५ लाख ४० हजार. म्हणजे हप्ता न धरताच वर्षाला २ लाख ६० हजारांची तूट आहे, ती एफडीतून भरून निघते. त्यात ४ लाखांचा हप्ता घातला की ६ लाख ६० हजार. ८ लाखांच्या एफडीला हे एक वर्ष झेपेल. पुढच्या नोव्हेंबरचा हप्ता कशातून भरणार होतात? पत्रावरून दिसतं की मुलगा परत करील त्यातून.

पोस्टातून काढायचं म्हणाल तर त्या खात्यातून थोडे काढता येत नाहीत, अख्खं खातं बंद करावं लागतं. एक वर्ष झालं आहे, दोन व्हायची आहेत, म्हणजे दीड टक्का कापतील. ३० लाखांवर ४५ हजार. पावणेसहा लाखांसाठी तुमचं एकमेव धड उत्पन्न बंद पडेल, वर दंड.

पॉलिसीचा कागद तुम्ही जोडलात ते फार चांगलं केलंत. ४ लाखांचे १० हप्ते, विसाव्या वर्षाअखेर ८८ लाख, हमीचे. बँकेतल्या रिलेशनशिप मॅनेजरने मागच्या बाजूला पेनाने लिहून दिलेला हिशेबही दिसतो: ८८ भागिले ४० म्हणजे २२० टक्के, भागिले २० वर्षं, 'वर्षाला ११ टक्के'. हा हिशेब नाही, ही फसवणूक आहे. त्या २२० टक्क्यांत तुमचं स्वतःचं मुद्दलच १०० टक्के आहे, आणि चक्रवाढीचा पत्ताच नाही. नीट मांडलं तर परतावा वर्षाला ५ टक्क्यांच्या किंचित वर येतो. पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही ८० वर्षांचे असाल. ज्याला दर महिन्याला भाजी-औषधाला पैसे कमी पडतात, अशा निवृत्त माणसाकडून दहा वर्षं पैसे घ्यायचे आणि विसाव्या वर्षी परत द्यायचे, असं काही विकणाऱ्याचा मला मनापासून संताप येतो. त्या मॅनेजरबाईंसमोर तुमचं बँक खातं उघडं होतं. तुम्ही निवृत्त आहात हे त्यांना माहीत होतं.

'पण ४ लाख बुडतील ना?' हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. समजा, एक रुपयाही परत आला नाही. उरलेले नऊ हप्ते, म्हणजे ३६ लाख, त्याच तारखांना दुसरीकडे ठेवले आणि फक्त ६ टक्के मिळाले तरी त्याच दिवशी ८७ लाख होतात. ७ टक्के मिळाले तर कोटीवर. पॉलिसीची रक्कम करमुक्त आहे हे खरं, पण नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, आणि तुमचं उत्पन्न त्याच्या कुठेच जवळ नाही. मुळात ते ३६ लाख तुमच्याकडे नाहीतच. दोन-तीन हप्ते भरून पॉलिसी बंद पडणार. मग पहिल्याच हप्त्यावर सोडा.

एक रुपयाही परत येणार नाही हे मी केवळ हिशेबासाठी धरलं. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नियमांनुसार, पहिल्या वर्षाचा हप्ता पूर्ण भरून पॉलिसीला वर्ष झालं की सरेंडर व्हॅल्यू (पॉलिसी मध्येच सोडल्यावर परत मिळणारी रक्कम) देणं कंपनीवर बंधनकारक आहे. तुमची पॉलिसी नोव्हेंबर २०२४ची, म्हणजे या नियमात बसते. रक्कम कंपनीकडून लेखी मागा, बँकेकडून तोंडी नको. आणि प्रपोजल फॉर्मची (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची) प्रत काढून 'वार्षिक उत्पन्न' आणि 'व्यवसाय' या रकान्यांत काय भरलंय ते बघा. नोकरी किंवा धंदा दाखवून लाखांत उत्पन्न लिहिलेलं असेल आणि ते तुमचं अक्षर नसेल, तर पेनाने लिहिलेल्या त्या ११ टक्क्यांसकट आधी विमा कंपनीकडे तक्रार करा. महिन्याभरात समाधान झालं नाही तर विमा लोकपालांकडे जा. तिथे फी नाही, वकील लागत नाही. बँकेतून फोन येईल, 'सर, तुमचं नुकसान होईल.' जे काय आहे ते ईमेलवर पाठवा, एवढंच सांगा.

तुम्ही 'गेला' म्हणता तो टॅक्स गेलेला नाही. तो टीसीएस होता. तेव्हाच्या नियमाने ३० लाखांतले पहिले ७ लाख सोडून उरलेल्या २३ लाखांवर २० टक्के, म्हणजे ४ लाख ६० हजार. हा आगाऊ घेतलेला कर आहे, रिटर्न भरून परत मागायचा असतो. त्या वर्षी तुमचा पगार तीनच महिन्यांचा होता, पीएफ करमुक्त, म्हणजे जवळपास सगळी रक्कम परत यायला हवी. रिटर्नची कटकट संपली असं तुम्ही लिहिलंत ते वाचून मला धस्स झालं. २०२४-२५ या वर्षाचं उशिराचं रिटर्न ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत भरता येतं, दंड जास्तीत जास्त ५ हजार. या आठवड्यात सीएकडे जा. फॉर्म २६एएसमध्ये (तुमच्या नावावर कापलेल्या कराची आयकर खात्याकडची नोंद) ती रक्कम दिसते की नाही, ते आधी बघायला सांगा.

ती परत आली की पहिला खर्च आरोग्य विम्याचा. मधुमेह लपवू नका. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षेचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, म्हणून जितका लवकर घ्याल तितका तो लवकर संपेल. दोघांना १० लाखांच्या कव्हरला वर्षाला साठ-सत्तर हजारांपासून पुढे धरून चाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटी नाही. विमा मिळेपर्यंत ती ८ लाखांची एफडी म्हणजे तुमचं हॉस्पिटलचं डिपॉझिट आहे. मुलासाठीही तिला हात लावायचा नाही.

राहिले मुलाचे ३० लाख. त्याच्या बँकेसाठी तुम्ही सही केलेलं पत्र बहुधा गिफ्ट लेटर आहे. तिथल्या बँका ते मागतात, आणि त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की ही भेट आहे, परतफेडीची अपेक्षा नाही. प्रत काढून वाचा. कागदावर ते कर्ज नाहीच. मुलाच्या मनात खोट आहे असं मुळीच नाही, पण नऊ महिन्यांत ज्याच्याकडे साडेसहा हजार डॉलर निघत नाहीत तो पुढच्या दोन वर्षांत चौतीस हजार डॉलर कुठून देणार?

म्हणून एकरकमीची वाट पाहू नका. महिना ३०० डॉलर मागा. नोव्हेंबर २०२५च्या भावाने २६ हजार होतात, वर्षाला सव्वातीन लाखांच्या आसपास. तुमची २ लाख ६० हजारांची तूट आणि विम्याचा हप्ता त्यात जवळजवळ भागतो. मुलाकडून वडिलांना आलेल्या पैशावर इथे कर नाही. मुलाकडे मागायचं कसं, असं वाटेल. वरचे आकडे एका कागदावर लिहा, व्हिडिओ कॉलवर सूनबाईंनाही बसवा आणि दोघांना वाचून दाखवा. बहुतेक मुलांना आई-बाबांकडे खरंच किती उरलंय ते माहीत नसतं, आणि तुमच्या पत्रावरून वाटतं की तुमच्या मुलालाही कुणी सांगितलेलं नाही. हा कॉल २८ तारखेच्या आत करा.