वाचकांचे प्रश्न: कँटनचा कॅशियर आणि फेडरल रिझर्व्ह

प्रश्न: आमच्या रिटायर्ड बँकवाल्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. लुई मॅकफॅडन नावाचा अमेरिकेचा खासदार होता, स्वतः बँकर, त्याने १९३२ साली भर संसदेत तिथल्या मध्यवर्ती बँकेचं, म्हणजे फेडरल रिझर्व्हचं, पितळ उघडं पाडलं वगैरे. असा माणूस खरंच होता का? (एक निवृत्त शाखाधिकारी)

होता, नक्की होता, आणि बँकवाला म्हणाल तर अगदी हाडाचा. लुई थॉमस मॅकफॅडन, जन्म २५ जुलै १८७६, पेनसिल्व्हेनिया राज्यात ब्रॅडफर्ड काउंटीतलं ग्रॅनव्हिल सेंटर नावाचं खेडं. शेतावर वाढलेला मुलगा, गावच्या शाळेत शिकला, मग न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायराला जाऊन कमर्शियल कॉलेज केलं आणि १८९२ साली, पंधरा-सोळा वर्षांचा असताना, कँटनच्या फर्स्ट नॅशनल बँकेत चिकटला. हे कँटन पेनसिल्व्हेनियातलं छोटं गाव बरं का, ओहायोतलं मोठं कँटन नव्हे, तिथे बऱ्याच जणांची गल्लत होते.

सात वर्षांत, म्हणजे १८९९ ला, तो कॅशियर झाला. आता तुम्ही सगळे बँकवाले, त्यामुळे हे नीट सांगायला हवं. आपल्याकडे कॅशियर म्हटलं की काचेमागे बसून नोटा मोजणारा माणूस डोळ्यासमोर येतो, पण तिकडच्या गावातल्या बँकेत कॅशियर म्हणजे प्रत्यक्षात बँक चालवणारा. प्रेसिडेंट बऱ्याचदा गावातलं एखादं बडं प्रस्थ, आणि रोजचा कारभार, कर्ज कोणाला द्यायचं, मुदत कोणाला वाढवून द्यायची, हे सगळं कॅशियरच्या टेबलावर. त्या काळी तिथल्या नॅशनल बँका आपापल्या नावाच्या नोटा काढायच्या आणि नोटेवर सही कोणाची, तर त्याच बँकेच्या कॅशियरची आणि प्रेसिडेंटची. म्हणजे गावातल्या माणसाच्या खिशातल्या नोटेवर रस्त्यात रोज भेटणाऱ्या माणसाची सही! मला तर वाटतं मॅकफॅडनचं पुढचं सगळं आयुष्य समजून घ्यायचं तर ही सही लक्षात ठेवावी. ज्याला ओळखतो त्याचाच पैसा विश्वासाचा, लांबच्या शहरातला पैसा संशयाचा, ही वृत्ती त्याच्यात शेवटपर्यंत राहिली.

राजकारणात तो आला तोही बँकांच्या वाटेनेच. १९०६-०७ मध्ये पेनसिल्व्हेनिया बँकर्स असोसिएशनचा खजिनदार, १९१४-१५ मध्ये अध्यक्ष, आणि १९१४ लाच रिपब्लिकन पक्षातर्फे प्रतिनिधीगृहावर निवडून आला. मार्च १९१५ ते जानेवारी १९३५, जवळपास वीस वर्षं सलग. गंमत म्हणजे बँक काही सोडली नाही, उलट १९१६ ला तिचा प्रेसिडेंट झाला आणि १९२५ पर्यंत राहिला. वर १९२० ते १९३१ तो गृहाच्या बँकिंग आणि चलन समितीचा चेअरमन, म्हणजे बँकांच्या कायद्यांचा मसुदा ज्या टेबलावर फिरायचा त्याच टेबलाच्या टोकाला हा बसलेला.

१९३२ च्या जूनमधलं भाषणही खरंच झालं. महामंदी ऐन भरात, बँका धडाधड बंद पडतायत, आणि हा उभा राहून मंदीचं खापर फेडरल रिझर्व्हवर फोडतोय. पण असे मेसेज पाठवणारे पुढचं सांगत नाहीत. मे १९३३ मध्ये याच सभागृहात त्याने ज्यूंविरुद्ध उघडउघड विष ओकलं आणि ज्यूंच्या जागतिक कटाचा म्हणून जो बनावट दस्तऐवज फिरवला जायचा त्यातले उतारे वाचून दाखवले, तो दस्तऐवज खोटा असल्याचं लंडनच्या टाइम्सने १९२१ मध्येच दाखवून दिलं होतं तरीही. हे अजाणता झालं असं म्हणायला मी तयार नाही. बँकिंग समितीचा चेअरमन राहिलेला माणूस, ताळेबंद वाचता येणारा माणूस, त्याने मंदीचं कारण शोधायचं सोडून एका समाजाकडे बोट दाखवलं, आणि तेही हिटलर जर्मनीत नुकताच सत्तेवर आलेला असताना. त्याचं भाषण पुढे पाठवायचं असेल तर हे सांगूनच पाठवा.

प्रश्न: मी बँकिंगच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. पुस्तकात १९२७ चा मॅकफॅडन अॅक्ट एका ओळीत उरकलाय. तो याच माणसाचा का, आणि त्याने नेमकं झालं काय? (एक विद्यार्थिनी)

याचाच. आणि एका ओळीत उरकायचा कायदा नाहीये तो, खरं तर सगळी मजा तिथेच आहे.

अमेरिकेत बँकेला परवाना दोन ठिकाणांहून मिळतो, केंद्राकडून मिळाला तर नॅशनल बँक, राज्याकडून मिळाला तर स्टेट बँक. (आपली स्टेट बँक वेगळी, नावावरून गोंधळू नकोस.) तेव्हा काही राज्यं आपल्या बँकांना शाखा काढू द्यायची, पण नॅशनल बँकांना ती मोकळीक नव्हती, त्यामुळे नॅशनल बँका परवाना बदलून स्टेट बँक व्हायला लागल्या. दुसरीकडे गावोगावचे छोटे बँकर घाबरलेले, की मोठ्या शहरातली बँक आपल्या दारात शाखा उघडेल आणि आपल्याला गिळून टाकेल. मॅकफॅडनने मधला रस्ता काढला. राज्याचा कायदा शाखांना परवानगी देत असेल तर नॅशनल बँकेनेही काढाव्यात, पण फक्त आपल्याच शहरात, आणि त्यातही लोकसंख्येप्रमाणे: २५ हजारांच्या आतल्या गावात एकही नाही, ५० हजारांपर्यंत एक, एक लाखापर्यंत दोन. राज्याची हद्द ओलांडून शाखा काढायचा तर प्रश्नच नाही. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी २५ फेब्रुवारी १९२७ ला सही केली. शहराची अट १९३३ मध्ये सैल झाली, पण राज्याबाहेर शाखा नाहीत हा दंडक हटायला १९९४ साल उजाडलं.

छोट्या बँकांचा यात फायदा झाला का? माझं मत, नाही. त्यांना स्पर्धेपासून आडोसा मिळाला, पण गावातल्या एकुलत्या एक बँकेची सगळी कर्जं त्याच गावातल्या शेतकऱ्यांकडे आणि दुकानदारांकडे, मग पिकाचा भाव पडला की सगळेच एकदम थकतात आणि बँकही त्यांच्याबरोबर बुडते. १९३० ते १९३३ मध्ये अमेरिकेत सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या, आणि शेजारच्या कॅनडात, जिथे मोजक्याच बँका आणि देशभर त्यांच्या शाखा, तिथे मंदीत एकही बँक बुडाली नाही.

आणि आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. याच कायद्यात एक कलम होतं. फेडरल रिझर्व्हच्या बारा विभागीय बँकांना १९१४ मध्ये सनद मिळाली होती वीस वर्षांची, म्हणजे १९३४ ला नूतनीकरणाचा प्रश्न आला असता. याआधीची पहिली बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स १८११ ला आणि दुसरी १८३६ ला, दोन्ही वीस वर्षं भरल्यावर सनद वाढली नाही म्हणून केंद्रीय बँकेच्या भूमिकेतून गेल्या, हा इतिहास सगळ्यांना पाठ. मॅकफॅडन अॅक्टने ती मुदतच काढून टाकली. म्हणजे ज्या फेडरल रिझर्व्हवर त्याने १९३२ मध्ये आग ओकली तिला कायमचं आयुष्य पाच वर्षांपूर्वी त्याच्याच नावाच्या कायद्याने दिलं होतं. मुदत राहिली असती तर लोक सर्वात चिडलेले असतानाच सनदेवर मतदान झालं असतं. त्याच्या नावाचा जयजयकार करणारे मेसेज मी बरेच वाचलेत, ही गोष्ट एकातही दिसली नाही.

प्रश्न: मग त्याला खरंच विष देऊन मारलं का? खासदारकी गेली ती कशी? (वरच्याच ग्रुपमधले आणखी एक वाचक)

नाही. १ ऑक्टोबर १९३६ ला न्यूयॉर्कमध्ये हृदयविकाराने तो गेला, साठ वर्षांचा होता. विषाची कहाणी त्याच्या चाहत्यांनी पसरवलेली.

राजकारण तर त्याआधीच संपलं होतं. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूवर आणि तो एकाच पक्षाचे, पण हूवरनी १९३१ मध्ये युरोपकडची युद्धकर्जाची वसुली वर्षभर थांबवली तेव्हापासून हा बिथरला. १३ डिसेंबर १९३२ ला त्याने हूवरवर महाभियोगाचा ठराव आणला, हूवर निवडणूक आधीच हरलेले असताना. ठराव बाजूला ठेवायच्या बाजूने ३६१ मतं, विरोधात फक्त ८. जानेवारीत पुन्हा आणला, पुन्हा तेच. मेमध्ये फेडरल रिझर्व्ह बोर्डावर महाभियोगाचे आरोप मांडले, तेही पुढे सरकले नाहीत. पक्षातले लोक बोलेनासे झाले. १९३४ ला डेमोक्रॅटिक उमेदवाराने हरवलं, १९३६ ला परत उभं राहायचं म्हटलं तर पक्षाची उमेदवारीच मिळाली नाही, आणि त्याच वर्षी गेला. दफन कँटनलाच केलं, ईस्ट कँटनच्या दफनभूमीत.