तिसरी-चौथीच्या मुलांना चंद्राच्या कला वाचनातून कशा शिकवाव्यात?

तुम्ही विचारलंय की, भाषेच्या तासाला काहीतरी वाचायला देऊन चंद्राच्या कला समजावता येतील का, आणि वाचायला नेमकं काय द्यावं. येतील की! मी गोव्यात, सत्तरीतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. मी गोष्टीच्या पुस्तकाआधी मुलांच्या हातात भिंतीवरच्या कॅलेंडराचं पान देते. कारण त्यात वाचलेलं त्याच संध्याकाळी अंगणात जाऊन तपासता येतं.

दोघांत एक पान द्या. अमावास्या शोधा, पौर्णिमा शोधा, मधले चौकोन मोठ्याने वाचा. एखादी तिथी गायब आहे किंवा दोनदा आली आहे, हे कुणीतरी पकडतंच. तीस तिथी साधारण साडेएकोणतीस दिवसांत बसवायच्या असतात, एवढं सांगून पुढे सरका. त्यात जास्त शिरलात तर तास संपेल.

मग सण घ्या. चवथीला चंद्र केवढा? आणि दिवाळीत नरकासुराचा पुतळा पहाटे जाळतात तेव्हा आकाशात चंद्र का नसतो? चौकोनात कृष्ण चतुर्दशी छापलेली असते. म्हणजे उरलेली बारीक कोर सूर्याच्या थोडीच आधी उगवणार. सांखळीला विठ्ठलापुरात नौका सोडतात ती त्रिपुरारी पौर्णिमा, त्या रात्री पूर्ण चंद्र. ही उत्तरं मुलं स्वतः काढतात, आपण फक्त बोट ठेवायचं.

संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ असते. घरी आईचा उपास असला तर ती वेळ मुलं फार मन लावून वाचतात! दुसऱ्या दिवशी तक्रार येते, ‘बाई, आमच्याकडे उशिरा दिसला.’ पूर्वेला डोंगर असेल तर दिसणारच. शिवाय पंचमीला, षष्ठीला तो सुमारे पाऊण-पाऊण तास उशिरा उगवत जातो. कृष्ण अष्टमीच्या आसपास तर सकाळच्या प्रार्थनेच्या वेळी पश्चिमेला फिकट अर्धा चंद्र असतो. चंद्र फक्त रात्रीच असतो असं लिहिलेली पुस्तकं मुलांनी त्या दिवशी जरूर वाचावीत.

गोष्टी वगळू नका. दक्षाच्या शापाने चंद्र झिजतो, ही कथा रंगवून वाचा. मात्र फळ्यावर दोन रकाने करा: गोष्टीत काय, आकाशात काय. माहितीचं पुस्तक निवडताना मी आधी एकच वाक्य शोधते. पृथ्वीच्या सावलीमुळे कला होतात, असं लिहिलं असेल तर ते पुस्तक बाजूला. चित्रंही पाहा. बऱ्याच पुस्तकांत कोर उभी काढलेली असते. आपल्याकडे मावळतीची कोर बहुधा होडीसारखी आडवी दिसते, कारण आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत. मुलं चित्र चुकीचं म्हणतात. म्हणू द्या, ते चित्र दूर उत्तरेकडच्या आकाशाचं असतं.

सावलीचा घोळ नुसत्या वाचनाने सुटत नाही. खिडक्या लावून घ्या, एक बल्ब पेटवा, पेन्सिलीच्या टोकाला चेंडू खोचा. मूल म्हणजे पृथ्वी. बल्बकडे तोंड करून चेंडू समोर धरला की आपल्याकडची बाजू काळोखी, ती अमावास्या. हात लांब ठेवून डावीकडे वळत जायचं: आधी उजव्या कडेला कोर, मग उजवा अर्धा. बल्बकडे पाठ झाली की अख्खा चेंडू उजळतो, पण तो डोक्यापेक्षा थोडा वर धरावा लागतो. खाली आला तर स्वतःच्याच डोक्याची सावली चेंडूवर पडते. ते ग्रहण. एरवी चेंडूची एक बाजू कायम उजळलेलीच असते, आपल्याला तिचा कमी-जास्त भाग दिसतो. हे कळल्यावर माहितीच्या पुस्तकातला कलांचा उतारा पुन्हा वाचायला द्या. आता मुलं थांबत थांबत वाचतात, एखाद्या वाक्याशी भांडतातही.

शेवटी प्रत्येकाने एका तिथीवर चार ओळी लिहायच्या: कधी उगवला, कोणती बाजू उजळ, कुठून पाहिला. पाहिला नसेल तर तसं लिहायचं. वही दुसरीच्या मुलांना वाचायला द्यायची. त्यांना समजलं नाही तर लिहिणाऱ्याने परत लिहायचं.

आणि हा पाठ जून-जुलैत घेऊ नका, ढगांत काही दिसत नाही. मी दिवाळी झाल्यावर लगेच सुरू करते, म्हणजे शुक्ल प्रतिपदेपासून त्रिपुरारीपर्यंतचा पंधरवडा सलग मिळतो आणि चंद्र मुलांच्या झोपेआधी आकाशात असतो.