घात म्हणजे ५ की ३२?

एका ताईंचा प्रश्न आहे. पोरगी सातवीत, सेमी इंग्लिशला, आणि '२ चा पाचवा घात' यात घात नेमका कोणता, डोक्यावरचा ५ की उत्तर ३२? शिवाय घात म्हणजे तर दगाफटका, मग गणितात हा शब्द काहून?

तर ताई, घात म्हणजे ३२. वरचा छोटासा ५ तो घातांक, खालचा २ तो पाया. गडबड कुठं होते, तर नागपुरात ट्यूशनमध्ये सगळे 'टू टू द पॉवर फाइव्ह' म्हणतात, त्यामुळं पॉवर म्हणजे तो ५च असं पोट्ट्यांच्या डोक्यात बसते आणि मग तेच घाताला चिकटते. घातांकात 'अंक' आहे ना, घात कितवा ते सांगणारा आकडा, बस.

आता दगाफटका. मूळ धातू हन्, म्हणजे मारणे, त्यातूनच आघात, विश्वासघात वगैरे. पण जुन्या संस्कृत गणितात गुणाकारालाच हनन, वध, घात म्हणायचे! भास्कराचार्यांच्या लीलावतीत (इ. स. ११५०) वर्ग म्हणजे 'समद्विघात' आणि घन म्हणजे 'समत्रिघात', म्हणजे दोन सारख्या संख्यांचा गुणाकार, तीन सारख्यांचा गुणाकार. मला ही व्याख्या फार आवडते, कारण आपण पोरांना सर्रास सांगतो '२ ला २ ने पाच वेळा गुण' आणि एखाद्यानं खरंच तसं केलं तर ६४ येते, गुणायचं चारदाच असते, दोन मात्र पाच लागतात. त्यापेक्षा 'पाच दोनांचा गुणाकार' म्हणा. १० लिहिणारे पोट्टे पाच दोनांची बेरीज करून बसलेले असतात, ते पण यानं सुधरतात.

अजून एक गंमत. पाचव्या घाताला जुनं नाव 'वर्गघनघात' आणि सहाव्याला 'घनवर्ग'. पहिल्यात वर्ग आणि घन यांचा घात, म्हणजे ४ गुणिले ८, झाले ३२, घातांकांची बेरीज २ + ३. दुसऱ्यात घनाचाच वर्ग, ८ चा वर्ग ६४, इथं घातांकांचा गुणाकार ३ × २. बेरीज कधी आणि गुणाकार कधी, हीच तर परीक्षेतली नेहमीची बोंब, आणि इथं नावातच लिहून ठेवलंय की!

बोलताना '२ चा पाचवा घात' म्हणा, 'पाया २, घातांक ५' पण चालते. '२ चा घात ५' मात्र नको, सगळा घोळ तिथूनच. घातांक शून्य असला की 'शून्यावा घात' कानाला कसंतरीच लागते, तिथं सरळ '२ चा घातांक शून्य' म्हणावं, उत्तर १. आणि पाढ्यातल्यासारखं 'बे चा पाचवा घात' म्हणायला हरकत काही नाही, पण आपल्या नागपुरात 'बे' जरा जपूनच वापरा.